सफायरचे हक्कसोडपत्र
('रिबन नो किशी' या जपानी चित्रकथेवर ओळवार भाष्य)

भाष्याला घेतलेली कथा ओसामू तेझुकाची. जपानी मुलींच्या 'शोजो क्लब' या मासिकात ती १९५३ साली सुरू झाली आणि १९५६ पर्यंत चालली. तेझुकाने ती पुढे १९६३ ते १९६६ या काळात 'नाकायोशी' मासिकासाठी नव्याने काढली. इंग्रजीत 'प्रिन्सेस नाइट' या नावाने २०११ साली दोन खंडांत आली ती ही दुसरी आवृत्ती. आपल्याकडे तेझुका माहीत असतो तो बहुधा 'बुद्ध' या मोठ्या चित्रमालिकेमुळे. सफायरची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आणि मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांतली पहिली मोठी अद्भुतकथा म्हणून तिचे नाव घेतात.

कॉलेजात असताना ती वाचली तेव्हा तलवार, मुखवटा, घोडे आणि चेटकीण एवढेच लक्षात राहिले. आता कोकणात म्हसळ्याला पावसाळ्यात पुन्हा वाचताना नजर वेगळ्याच जागी अडकली. मूळ संवाद इथे उतरवलेले नाहीत. कथेचा एकेक टप्पा माझ्या शब्दांत एका ओळीत बांधला आहे आणि त्याखाली भाष्य केले आहे. सूत्रेही आपलीच आणि भाष्यही आपलेच, ही सोय जुन्या शास्त्रकारांनीही घेतलेली आहे.

१. स्वर्गात जन्माला येणाऱ्या बाळांना हृदये वाटतात, मुलांना निळी आणि मुलींना गुलाबी. टिंक नावाचा खोडकर देवदूत एका बाळाला परस्पर निळे देऊन टाकतो आणि देव मागाहून त्याच बाळाला गुलाबी देतो.

या ओळीवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. पूर्वपक्ष असा: ही बाई आणि पुरुष एकाच देहात असण्याची कथा आहे, म्हणजे स्वभावाची कथा आहे. हे खोटे नाही. पण ओळ नीट पाहिली तर इथे स्वभाव घडत नाही, त्याचे वाटप होते. जे वाटले जाते ते परत मागता येते, चोरता येते, दुसऱ्याला देता येते. देव टिंकला शिक्षा देतो तीही वसुलीची: पृथ्वीवर जा, जास्तीचे निळे हृदय घेऊन ये, तोवर स्वर्गाचे दार बंद. कथेभर हृदये या हातातून त्या हातात जातात, त्याची तजवीज इथेच झालेली आहे.

महाभारत वाचलेल्या माणसाला इथे उद्योगपर्वातले अंबोपाख्यान आठवल्याशिवाय राहत नाही. द्रुपदाला मुलगी होते, तो तिला मुलगा म्हणून वाढवतो आणि दशार्णाच्या राजकन्येशी तिचे लग्नही लावून देतो. गुपित फुटते तेव्हा शिखंडिनी रानात जाते आणि स्थूणाकर्ण यक्ष आपले पुरुषत्व तिला देतो. मग कुबेराचा शाप असा की शिखंडी मरेपर्यंत यक्षाने बाईच राहायचे. म्हणजे देणाराही अडकला. टिंकही तसाच अडकला आहे. तेझुकाने महाभारत पाहून हे रचले असे मी म्हणत नाही. पण राजाच्या घरी मुलगा हवा आणि मुलगी झाली, असे कथेत आले की दोन्हीकडच्या कथाकारांना वरून कोणीतरी उसनवारी करायला पाठवावे लागते.

२. सिल्व्हरलँडच्या कायद्याने गादी मुलालाच मिळते. राणीला मुलगी होते, वार्ता सांगणाऱ्याची जीभ अडखळते आणि राज्यभर मुलगा झाल्याचे जाहीर होते.

पहिल्या वाचनात मी ही ओळ विनोदी म्हणून ओलांडली होती. आता वाटते, सगळी कथा इथे आहे आणि स्वर्गातला प्रसंग तिच्यावर घातलेले पांघरूण आहे. दोन हृदये नसती तरी सफायरला मुलगा म्हणूनच वाढवावे लागले असते, कारण अडचण कायद्याची आहे. उलट कायदा नसता तर तिच्या पोटात दहा हृदये असती तरी कोणाचे काही बिघडले नसते.

हा कायदा परीकथेतला आहे, असे १९५३ मधल्या जपानी वाचक मुलीला वाटायचे कारण नव्हते. युद्धानंतरची जपानची राज्यघटना ३ मे १९४७ ला अमलात आली. तिच्या २४ व्या कलमाने लग्नात नवराबायकोला समान हक्क दिले. त्या कलमाचा मसुदा बिएटे सिरोटा या बावीस वर्षांच्या मुलीने केला होता. आणि त्याच दिवशी राजघराण्याचा नवा कायदाही अमलात आला, ज्यात गादी फक्त पुरुष वंशातल्या पुरुषालाच. एका तारखेला दोन कागद लागू झाले, एकाने दिले आणि दुसऱ्याने राखून ठेवले. जुन्या काळी जपानमध्ये आठ स्त्रिया सम्राज्ञी होऊन गेल्या होत्या. तरी मेइजी काळातल्या १८८९ च्या नियमाने दार लावले आणि १९४७ ने ते लावलेलेच ठेवले. आजच्या सम्राटांची मुलगी आयको २००१ साली जन्मली. तेव्हा कायदा बदलायची चर्चा झाली, २००५ साली सरकारी समितीने तशी शिफारसही केली. २००६ मध्ये घराण्यात मुलगा जन्मला आणि विषय मागे पडला. सिल्व्हरलँडची बातमी म्हणून हे छापले असते तरी खपले असते.

आता म्हसळ्याचे. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे त्याचे महाल, आणि गादीवर सिद्दी नवाब. सिद्दी अहमदखान १८७९ ते १९२२ गादीवर होता. त्याची बेगम नाझली ही मुंबईच्या फैजी घराण्यातली, अतिया फैजींची बहीण. शिकलेली, चार देश पाहिलेली बाई. १९०८ साली नवाबाबरोबर ती युरोपला गेली आणि त्या प्रवासाचे पुस्तक तिने उर्दूत लिहिले. पण तिला मूल झाले नाही. गादीला वारस हवा होता, संसार मोडला, नवाबाने दुसरे लग्न केले. त्या लग्नाचा मुलगा मुहम्मदखान १९२२ साली वारस ठरला तेव्हा अजाण होता. मग १९३३ पर्यंत कारभार कोणी पाहिला? त्याच्या आईने, कुलसुम बेगमने. बाईला राज्य चालवता येत नाही, असे जंजिऱ्यात कोणी म्हणत नव्हते. अकरा वर्षे तिने ते चालवले. फक्त ते तिच्या नावावर नव्हते.

मूळ चित्रकथेकडे परत येऊ. वार्ता सांगणाऱ्याची जीभ अडखळली नसती तर? राणीला पुन्हा मूल होईपर्यंत वाट पाहिली असती किंवा राजाने दुसरे लग्न केले असते. तेझुकाने ही शक्यता विनोदात बुडवली. मुलींच्या मासिकात आणखी करणार काय.

३. सफायर बाहेर राजपुत्र आणि आत राजकन्या. ड्यूक ड्युरालुमिन आणि बॅरन नायलॉन ती मुलगी असल्याचा पुरावा शोधत फिरतात.

खलनायक कायद्याच्या बाजूने आहेत, हे इथे नोंदवून ठेवावे. ड्यूकला आपल्या मुलाला, प्लास्टिकला, गादीवर बसवायचे आहे. त्याची नियत वाईट, पण दावा सिल्व्हरलँडच्या कोणत्याही कोर्टात टिकला असता. खोटे बोलते आहे ते राजघराणे, आणि आपण वाचक त्या खोट्याच्या बाजूने उभे आहोत. ही कसरत तेझुकाला सहज जमली आहे. ड्यूक आणि बॅरन इतके हास्यास्पद काढले आहेत की त्यांचे म्हणणे कायदेशीर आहे, हे लहानपणी लक्षातच येत नाही.

नावांचा खेळ उघड आहे. नायिका रत्नाच्या नावाची, देश सोन्याचांदीचे आणि दुष्ट मंडळी कारखान्यातली. ड्युरालुमिन हा विमानाचा धातू, नायलॉन आणि प्लास्टिक तर नव्या जगाचीच खूण. आमच्या किनाऱ्यावर सुती जाळी गेली आणि नायलॉनची आली, त्यात कोळ्यांची सोयच झाली, तेव्हा नायलॉनवरचा हा राग मला काही पटत नाही.

४. सोनेरी केसांचा टोप घालून सफायर उत्सवात जाते, गोल्डलँडचा राजपुत्र फ्रान्झ त्या अनोळखी मुलीच्या प्रेमात पडतो. राजपुत्र सफायरशी मात्र त्याचे बिनसते.

मुलगी मुलाच्या वेषात आहे आणि तिला मुलगी व्हायला पुन्हा वेष घ्यावा लागतो. हे कोडे तेझुकाने पुस्तकातून घेतलेले नाही, रंगमंचावरून घेतले आहे. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब ताकाराझुका या गावी राहायला आले. तिथली नाट्यमंडळी सगळी मुलींची. पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करत आणि प्रेक्षकांतल्या मुली त्या 'पुरुषां'वर जीव टाकत. तेझुकाची आई त्याला हे खेळ पाहायला नेई. टोपीतली रिबन, झुलता अंगरखा, नाचातली गिरकी, सफायरचा सगळा थाट तिथला आहे.

ती मंडळी १९१३ साली उभी राहिली. आपली गंधर्व नाटक मंडळीही १९१३ चीच. तिकडे बाईने पुरुष उभा केला आणि इकडे नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, बाई उभी केली. त्यांची भामिनी आणि सिंधू पाहून घरंदाज बायका लुगडे कसे नेसावे, अंबाडा कसा घालावा हे शिकत. महाराष्ट्रात फक्त बायकांच्या नाटक मंडळ्याही निघाल्या होत्या, त्यांत पुरुषांची कामे बायकाच करत. त्यांचा इतिहास मात्र आपण बालगंधर्वांच्या मानाने फार थोडा सांगतो. दोन्ही देशांतल्या प्रेक्षकांना हे नीट कळत होते की समोरचे पुरुषपण किंवा बाईपण शिकून, घासूनपुसून आणलेले आहे. तिकीट काढून जे आपण निमूट मान्य करतो ते गादीचा प्रश्न आला की मान्य होत नाही. सफायरची चाल, बोलणे, तलवार, कशातच खोट नाही. दरबाराला खोट दिसते ती फक्त जन्माच्या नोंदीत.

फ्रान्झबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकाच माणसावर प्रेम आणि त्याच माणसाचा राग, हे त्याचे संपूर्ण काम आहे आणि ते तो चोख करतो.

५. गुपित फुटते, सफायरला आईसह कॉफिन टॉवरमध्ये कोंडतात. पुढे ती मुखवटा चढवून लढते.

अद्भुतकथेचा हा ठरलेला टप्पा आहे: मनोरा, पहारेकरी, सुटका. चित्रे वेगवान आहेत, हातघाई डोळ्यांना दिसते. एकच गोष्ट नोंदवण्याजोगी. राजपुत्र म्हणून नाव गेले, राजकन्या म्हणून हक्क नाही, अशा वेळी तिला तिसरे नाव लागते आणि ते चेहरा झाकल्यावरच मिळते. मालिकेचे जपानी नाव याच मुखवट्यातल्या योद्ध्याचे आहे.

६. चेटकीण मॅडम हेलला सफायरचे गुलाबी हृदय आपल्या लेकीसाठी, हेकेटसाठी हवे. आणि निळे हृदय निघाले की सफायरच्या हातातली तलवार लुळी पडते.

मालिकेतली सर्वांत वादग्रस्त जागा. निळे हृदय आत असेपर्यंत सफायर भल्याभल्यांना पाणी पाजते. ते काढले की ती हतबल होते. म्हणजे शौर्य पुरुषाचे आणि बाईच्या वाट्याला नाजूकपणा, असेच ना? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर शोधायची गरज नाही. तेझुका आपल्या काळाचा माणूस होता.

पण आक्षेप घेणारे एक बघत नाहीत. सफायर लहानपणापासून तलवार शिकलेली आहे. पडली, उठली, पुन्हा शिकली. ते कसब तिच्या मनगटात आहे. तरी कथा सगळा जमाखर्च निळ्या हृदयाच्या खात्यावर लिहिते आणि ते खाते बंद झाले की मनगटही रिकामे. कष्ट तिचे, खाते दुसऱ्याचे. इथे मला सिल्व्हरलँडपेक्षा म्हसळ्याचा परिसरच जास्त दिसू लागतो. कोकणातला कमावता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर: हिंदूंचा मुंबईत, मुसलमानांचा मुंबईत नाहीतर आखातात. मागे नांगरणीला माणूस गाठणे, रोपे काढणे, लावणी, बांधावरचे भांडण, तलाठ्याकडची खेप, सगळे बायकांनी रेटले. सातबारा उघडला की खातेदार म्हणून नाव असते सासऱ्याचे, नवऱ्याचे, दिराचे. 'शेती कोण बघतं?' असे विचारले तर तीच बाई सांगेल, 'हे बघतात, मुंबईला असतात.'

हेकेटचा प्रसंग मात्र तेझुकाच्या बाजूने मांडावा लागेल. आईने चोरून आणलेले गुलाबी हृदय त्या पोरीला नकोच आहे. रानात उंडारणारी मुलगी ती, कोणाच्या तरी कल्पनेतली सुंदर राजकन्या व्हायला तयार नाही. चेटकिणीच्या घरी हे बोलता येते, राजवाड्यात येत नाही. आणि निळ्या हृदयाची गंमत बघा: ते पुढे ड्यूकच्या बावळट पोराच्या, प्लास्टिकच्या, पोटात जाते आणि तो रातोरात शहाणा होतो. मग प्लास्टिक तरी जन्मतः पुरुष होता म्हणजे नेमके काय होता? स्वर्गाच्या हिशेबाने निळे त्याच्याकडे आधीच असायला हवे होते. हा प्रश्न तेझुकाने उघडा सोडला आहे. विसरला की मुद्दाम सोडला, याचा निकाल पानांवरून लागत नाही.

पुढच्या पिढीने यावर लिहून नाही, काढून उत्तर दिले. रियोको इकेदाची 'व्हर्सायचा गुलाब' ही मालिका १९७२ साली सुरू झाली. तिची ऑस्कर हीसुद्धा मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी, पण तिच्या पोटात जादूचे हृदय नाही. तलवार तिची स्वतःची आहे आणि ती कोणाला काढून घेता येत नाही. १९७४ साली ताकाराझुकाच्याच मुलींनी ती कथा रंगमंचावर आणली. रंगमंचावरून कागदावर गेलेली ही मुलगी अशी वीस वर्षांनी माघारी आली.

७. शेवटी सफायरकडे गुलाबी हृदय तेवढे उरते आणि तिचे फ्रान्झशी लग्न होते.

पहिल्या वाचनात हा शेवट गोड वाटला होता. आता त्याला एकच नाव सुचते: हक्कसोड.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तिने ही अटही काढली. बाप २००५ साली हयात असलाच पाहिजे का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: नाही, हक्क जन्माचा आहे. मुसलमान घरांत तर मुलीचा वाटा शरीयतने पूर्वीपासूनच ठरलेला, भावाच्या निम्मा का होईना. म्हणजे कागदोपत्री आज कोणत्याही घरात सिल्व्हरलँडचा कायदा नाही. त्याची जागा एका स्वखुशीच्या दस्ताने, हक्कसोडपत्राने, घेतली आहे; त्यात बहीण आपला वाटा भावांसाठी सोडते.

माझ्या आत्याने तो दस्त केला तेव्हा मी बरोबर होते. दोनशे रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार, आधारच्या झेरॉक्स. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिला छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला. अंगठा यंत्रावर उमटेना. भाताच्या आणि चुलीच्या कामात रेषा झिजलेल्या, तेव्हा कारकुनाने ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायला सांगितला. मजकूर वाचून दाखवला: दडपण नाही, मोबदला नाही, स्वखुशीने. तिला विचारले, 'मान्य आहे ना, काकी?' ती म्हणाली, 'भाऊच आहेत ना माझे.' हे उत्तर त्या प्रश्नाचे नव्हते, पण दस्त झाला. जेवण झाले, काकांनी तिला साडी दिली. परतताना गाडीत ती वरकस जमिनीतल्या रातांब्यांबद्दल बोलत होती, कोणते झाड कोणी लावले आणि कोणाला फळ उशिरा धरते ते. कोणी रडले नाही, कोणी भांडले नाही. काका दुष्ट नाहीत. त्या दिवशी कोणीच ड्युरालुमिन नव्हते.

म्हणून सफायरच्या लग्नाच्या ओळीवर भाष्य करताना 'तिचे फ्रान्झवर प्रेम नव्हते का?' ही शंका गैरलागू ठरते. प्रेम होतेच. आत्याचेही भावांवर आहे. प्रश्न असा की प्रेम सिद्ध करायला दरवेळी तिनेच काहीतरी सोडायचे, असे कोणी ठरवले? फ्रान्झला लग्नासाठी एकही हृदय काढून द्यावे लागत नाही.

इथे दुसरी शंका येईल: बालमासिकाच्या लेखकावर एवढा भार कशाला? तो बिचारा महिन्याच्या महिन्याला पाने भरत होता. हे मान्य केले असते, पण मध्ये एक पुस्तक आडवे येते. पहिली आवृत्ती १९५६ ला संपल्यावर १९५८-५९ मध्ये तेझुकाने 'नाकायोशी'त तिचा पुढचा भाग काढला, 'फुतागो नो किशी', जुळ्यांची गोष्ट. सफायर आणि फ्रान्झला जुळे होते, मुलगा डेझी आणि मुलगी व्हायोलेटा. वारस कोण यावरून दरबारात तट पडतात, राजपुत्राला पळवून रानात टाकले जाते आणि तो नाहीसा झाल्याचे लपवण्यासाठी व्हायोलेटाला आळीपाळीने राजकन्या आणि राजपुत्र व्हावे लागते. तिच्या आईने जो अंगरखा उतरवला तो मुलीच्या अंगावर चढला, आणि या वेळी जीभ कोणाचीही अडखळलेली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीतले सफायरचे लग्न तेझुका काढायला बसला तो हे सगळे काढून झाल्यावर.